मेश्राम सही करत नाहीत

मेश्राम आमच्या कंपनीत रुजू झाले त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा एसी बंद पडला होता आणि सगळे एकमेकांवर चिडचिड करत होते. मिस्टर लिम, म्हणजे आमचे साहेब, त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "अनघा, हे तुझ्याच गावचे." मी पुण्याची, मेश्राम भंडाऱ्याचे. पुणे ते भंडारा हे अंतर सिंगापूरहून पेनांगला जाण्यापेक्षा कमी नाही, पण ते सांगण्याइतकी उमेद त्या उकाड्यात माझ्यात नव्हती. मेश्राम मात्र पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून उभे होते. घाम कपाळावरून कानाकडे वाहत होता, तो ते पुसत नव्हते.

"नमस्कार मॅडम," ते म्हणाले. "माझी खुर्ची थोडी बाजूला घेतली तर चालेल का? दाराच्या रेषेत आहे."

"दाराच्या रेषेत म्हणजे?"

"दार फटकन उघडलं तर अंगावर येईल ना."

खुर्ची त्यांनी स्वतःच हातभर सरकवली. पुढची दोन वर्षं ती तिथेच राहिली.

आमची कंपनी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या औद्योगिक वसाहतीत होती. तेलाच्या, वाफेच्या नळांना लागणारे मोठ्या दाबाचे व्हॉल्व्ह आम्ही बनवायचो. मी सेंगकांगहून दोनदा गाडी बदलून तिथे जायची. माझं काम कागदांचं: कुठलं पोलाद कुठून आलं, भट्टीत किती तापलं, कुणी तपासलं, कुणी सही केली, याची फाईल तयार करून मालाबरोबर पाठवायची. तेव्हा आमच्या घरात माझी एकटीचीच नोकरी होती. नवऱ्याची सुटली होती, तो माझ्या नोकरीच्या व्हिसावर, इथल्या भाषेत पासवर, राहून अर्ज करत बसला होता, आणि मुलगी प्रायमरी टूमध्ये, म्हणजे दुसरीत होती. मी सकाळी निघताना थकलेली असायची आणि परतताना जरा जास्त थकलेली. त्यामुळे मेश्रामांच्या या रेषेच्या प्रकरणाचं मला पहिले काही महिने फक्त ओझंच वाटलं.

कारण ते कुठल्याच गोष्टीच्या रेषेत उभे राहत नसत. चालू यंत्राच्या समोर नाही, मागे नाही, नेहमी बाजूला. फूड कोर्टमध्ये जेवायला गेलो की गॅसच्या टाक्यांच्या आणि आपल्यामध्ये एक खांब असेल असं टेबल ते शोधायचे, आणि तसं टेबल रिकामं व्हायची वाट पाहत ट्रे धरून उभे राहायचे. माझी मुलगी एकदा शाळेला सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आली होती. ती वैतागून म्हणाली, "ममा, धिस अंकल सो सिरियस, लाह."

मेश्रामांना इंग्रजी उत्तम समजे. ते तिला म्हणाले, "हो बेटा. मला लहानपणापासून कोणी हसवलंच नाही." आणि ते असं म्हणाले की ती खो खो हसली.

दुसरी सवय सहीची. ते आद्याक्षरं कधी लिहीत नसत. प्रत्येक प्रमाणपत्रावर 'सुधाकर गोविंदराव मेश्राम' असं पूर्ण, एकेक अक्षर सुटं काढून. चाळीस व्हॉल्व्हची चाळीस प्रमाणपत्रं असली की त्यांच्या सह्यांना पाऊण तास लागायचा आणि माझा कुरियरवाला खाली ताटकळायचा. लिमसाहेबांनी त्यांच्यासाठी सहीचा रबरी शिक्का करून आणला. मेश्रामांनी आभार मानून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मी एकदा वैतागून विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव लिहिता लिहिता कधी कधी आठवून जातं मॅडम, की अमुक एक तपासायचं राहिलं. नाव मोठं आहे म्हणून वेळ मिळतो."

इथे येण्याआधी ते भारतातल्या एका सरकारी बंदूक कारखान्यात बावीस वर्षं होते. शेवटची नऊ वर्षं चाचणीच्या खोलीत. नवी बंदूक एका लोखंडी चौकटीत आवळायची, तिच्यात नेहमीपेक्षा जोरकस काडतूस घालायचं, चापाला लांब दोरी बांधायची, आणि भिंतीमागे जाऊन ती ओढायची. बंदूक फुटली तर भिंतीपलीकडे फुटेल. नाही फुटली तर तिच्यावर शिक्का बसेल. मेश्राम ती दोरी ओढणारे.

हे समजल्यावर ऑफिसातला प्रत्येक जण त्यांना एकच प्रश्न विचारायचा. मीही विचारला.

"मोठा अपघात झाला होता का हो तिथे? म्हणून तुम्ही इतकं..."

"नाही."

"कधीच नाही?"

"माझ्या वेळेला नाही." मग त्यांनीच विचारलं, "व्हायलाच पाहिजे होता का मॅडम?"

मला शरमल्यासारखं झालं. खरंच, मनातून मला अपघाताची गोष्ट हवी होती. त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाला त्यामुळे एक कारण मिळालं असतं.

त्याऐवजी त्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली. एकदा त्यांनी दोरी ओढली आणि आवाजच झाला नाही. अशा वेळी थांबायचं असतं, कारण काडतूस उशिरानेही पेट घेऊ शकतं. त्या दिवशी दिल्लीहून एक तरुण अधिकारी पाहणीला आले होते. त्यांना विमान गाठायचं होतं. पंधरा-वीस सेकंद झाल्यावर ते म्हणाले, चला, उघडून बघू. मेश्राम दारात हात पसरून उभे राहिले. अधिकारी म्हणाले, बाजूला व्हा. मेश्राम म्हणाले, साहेब, अजून वेळ आहे. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी ठरलेला वेळ पूर्ण झाल्यावर मेश्राम स्वतः आत गेले, बाजूने हात घालून काडतूस काढलं. ते फुसकं होतं. आत दारूच नीट भरली नव्हती. ते हजार वर्षांत उडलं नसतं.

"मग?"

"मग काही नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, 'इतने डरपोक हो तो यहाँ क्या कर रहे हो?' तेव्हापासून रिटायर होईस्तोवर माझं नाव डरपोक पडलं. कँटीनचा पोरगाही मागून म्हणायचा." ते जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट लावत होते. "बरोबरच होतं म्हणा. भीती तर वाटतच होती."

ते व्हीआरएस घेऊन बाहेर पडले ते बंदुकांना कंटाळून. घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, पत्नी रंजनाताई पौर्णिमेला उपोसथाचं व्रत धरणाऱ्या, आणि नवऱ्याच्या कामावर घर चाललेलं. ते दोघांच्याही मनात बावीस वर्षं टोचत होतं. म्हणून व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह फुटू नये एवढंच बघायचं, त्यातून पुढे कुणी मरणार नाही. रंजनाताईंनी हे मला त्यांच्या वुडलँड्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सांगितलं, पोहे करता करता. "इथे येऊन यांना झोप लागायला लागली होती," त्या म्हणाल्या. 'लागली होती' असं म्हणाल्या, कारण तोवर ती रायफल आली होती.

ती अशी आली. ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ राहणारा हॅरी नावाचा एक म्हातारा बंदूककार होता. तिकडच्या पाणथळ रानात माजलेल्या रानरेड्यांची शिकार चालते. त्यासाठी तो एका वेळी एकच काडतूस घेणारी, मोठ्या तोंडाची रायफल बनवायचा. एक बार उडवायचा, मग हातानं उघडून दुसरं काडतूस घालायचं. नळी, लाकूड, जुळणी सगळं तो स्वतः करायचा. फक्त मधला पोलादी सांगाडा, ज्यात पुढून नळी बसते आणि मागून काडतुसाला अडवणारा जाड ठोकळा वरखाली सरकतो, तो त्याला आता हात थरथरतात म्हणून बाहेरून करून घ्यायचा होता. व्हॉल्व्हच्या मंदीने लिमसाहेब हैराण होते. मेश्रामांचा बायोडेटा त्यांच्या फाईलमध्ये होताच. त्यांनी ती ऑर्डर घेतली.

सिंगापुरात बंदुकीच्या भागाचा परवाना मिळवणं म्हणजे काय ते मला विचारा. आठ महिने मी अर्ज भरत होते. वेगळी खोली, वेगळं कुलूप, प्रत्येक तुकड्याचा हिशेब, भुशाचासुद्धा. इथे गोळी उडवून चाचणी करण्याचा प्रश्नच नव्हता. ती डार्विनला हॅरी करणार होता. मेश्रामांना हेच पचत नव्हतं. "बावीस वर्षं मी दोरी ओढून मग सही केली," ते म्हणायचे. "आता न ओढता करायची."

"मग नाही म्हणायचं होतं."

"मी नाही म्हटलं तर लिमसाहेब ज्यानं बंदूक पाहिलीच नाही त्याला देतील ना हे काम." मग स्वतःच म्हणाले, "किंवा मला पास जाईल याची भीती असेल. दोन्ही असेल. आता वेगळं करून सांगता नाही येत."

काम सुरू होण्याच्या दिवशी त्यांनी एक फळी आणली. रायफलच्या दस्त्याच्या लांबीची साधी फळी, तिला पुढे पोलादाचा एक कच्चा ठोकळा बांधलेला. हिलासुद्धा कुणी नकली बंदूक म्हणेल म्हणून त्यांनी आधी परवाना कार्यालयाला माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं होतं. तिकडून उत्तर आलं की फळीला परवाना लागत नाही. तेही पत्र फाईलला लावलं. मग त्या कामावरच्या अकरा कामगारांना त्यांनी रांगेत बोलावलं. कुणी बांगलादेशी, कुणी मलेशियन, दोघे तमिळ, बाकी चिनी. प्रत्येकाने फळी खांद्याला लावायची आणि गाल टेकवायचा.

"आता दुसऱ्या हाताने बघा, गालापासून ठोकळा किती लांब आहे."

प्रत्येकाने चाचपून पाहिलं. चार बोटं.

"आग या ठोकळ्याच्या पुढे असते," मेश्राम म्हणाले, हिंदी-इंग्रजी मिसळून. "गाल मागे. मध्ये तुम्ही बनवलेला हा तुकडा. बास. एवढंच सांगायचं होतं."

मग ते फळी घेऊन लिमसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब हसले, "मी पण?" पण त्यांनीही गाल टेकवला. मलाही टेकवायला लावला. फळीचा थंडगार स्पर्श आणि पोलादाला लावलेल्या तेलाचा वास. मी कागदांवर जे शब्द रोज टाईप करत होते, त्यांच्या पलीकडे कुणाचा तरी गाल आहे हे माझ्या डोक्यात तोवर शिरलंच नव्हतं.

त्याच सुमारास हौगांगला एका मराठी कुटुंबाकडे बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मेश्राम पतिपत्नींबरोबर मीही गेले. वंदना झाली, खीर झाली, आणि एका बँकेत आयटीत असलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांनी मेश्रामांना सगळ्यांदेखत विचारलं, "सर, ऐकलंय की तुम्ही परत शस्त्रं बनवताय. मग शस्त्रांचा धंदा नको सांगणाऱ्या सम्यक आजीविकेचं काय?"

रंजनाताई हातातल्या वाटीकडे बघत राहिल्या.

मेश्राम म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

"नाही, म्हणजे तुमचं काहीतरी म्हणणं असेल ना?"

"गोळी मागे येऊ नये एवढं मी बघतो. पुढे जाऊन ती कुणाला लागते ते मी बघत नाही. बघत नाही म्हणजे मला माहीत नाही असं नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "उत्तर नाही सापडलं मला. तुम्हाला सापडलं तर सांगा, मी खरंच ऐकेन."

परतताना एमआरटीच्या मेट्रोत रंजनाताई मला हळूच म्हणाल्या, "तिथे बोलले तेवढंच. घरी तेवढंही नाही बोलत."

मग ती छत्तीस नगांची खेप.

पोलादाचे सांगाडे आमच्याकडे कापून, कोरून झाले की पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, मलेशियात, जोहोरमधल्या एका भट्टीवाल्याकडे जायचे. तिथून येताना भट्टीच्या तापमानाचा आलेख बरोबर यायचा. त्या खेपेच्या आलेखात पावणेदोन तासांची जागा कोरी होती. भट्टीवाला म्हणाला, नोंदणीचं यंत्र बंद पडलं होतं, भट्टी ठीक होती. आम्ही सगळ्या छत्तीस नगांचा कडकपणा मोजला. बरोबर आला. भेगा शोधल्या. एकही नाही.

मेश्राम म्हणाले, "मी सही करत नाही."

त्या आठवड्यात सुमात्राच्या जळत्या जंगलांचा धूर आला होता. खिडकीबाहेर समोरचे ब्लॉक दिसत नव्हते, आम्ही सगळे मास्क लावून काम करत होतो. मीटिंगमध्ये मी, मेश्राम आणि लिमसाहेब.

"कडकपणा बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग प्रॉब्लेम काय?"

"हे पोलाद भट्टीतून सावकाश थंड झालं असेल तर ठिसूळ होतं. कडकपणा तोच दिसतो. आतून ठिसूळ. ते कापून, तोडूनच कळतं. तीन नग तोडू या."

"तीन नग तोडले तर तेहेतीस राहतात. ऑर्डर छत्तीसची आहे. जहाज शुक्रवारी." साहेब दमलेले दिसत होते. ते वाईट माणूस नव्हते. वर्षभर कुणालाही न काढता त्यांनी कंपनी ओढत आणली होती. "मेश्राम, तुम्ही म्हणताय ते खराब आहेत?"

"नाही. मी म्हणतो, मला माहीत नाही."

"माहीत नाही तर ते चांगलेही असू शकतात."

"हो. बहुतेक चांगलेच आहेत."

"मग?"

"बहुतेक असं लिहायला प्रमाणपत्रात जागा नाही साहेब."

लिमसाहेबांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. नियमाने त्या कागदावर माझीही सही चालत होती. मी इंजिनिअर होते, माझं नाव परवान्यात होतं.

"अनघा, यू साइन, कॅन?"

मी म्हटलं, मला उद्यापर्यंत वेळ द्या. घरी काय चाललं होतं ते साहेबांना माहीत होतं, मेश्रामांना माहीत होतं. माझा पास गेला की तिघांचाही जाणार. सेंगकांगचा फ्लॅट, मुलीची मोठ्या मुश्किलीने मिळालेली शाळा, सगळं त्या एका कार्डावर उभं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मेश्राम माझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं, आता सांगतील की सही करू नका. मी मनातल्या मनात भांडण तयार ठेवलं होतं. तुमची मुलं मोठी आहेत, तुम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला काय जातंय म्हणायला, असं सगळं.

ते म्हणाले, "तुमची मुलगी आता कितवीत गेली?"

"प्रायमरी थ्री."

"अच्छा." त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि उठून गेले.

दुपारी त्यांनी थेट हॅरीला ईमेल केला. चार ओळींचा. आलेखात पावणेदोन तासांची नोंद नाही. कडकपणा बरोबर आहे. नग चांगले असण्याची शक्यता जास्त आहे. तीन तोडून पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. खाली पूर्ण नाव. प्रत लिमसाहेबांना, मला नाही.

कंपनीत गिऱ्हाइकाला परस्पर लिहिणं हा मोठा गुन्हा. साहेब केबिनमधून ओरडले तसे मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी ओरडताना ऐकलं नाही. मेश्राम समोर उभे राहून ऐकत होते. आणि मी माझ्या टेबलापाशी बसून होते. माझ्यावरची सहीची वेळ टळली होती. उद्या मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. मी सही केली असती. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

मेश्रामांनी ते माझ्यासाठी केलं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं, आणि तेही कदाचित खरंच असतं.

तिसऱ्या दिवशी हॅरी स्वतः आला. डार्विनहून साडेचार तासांचं विमान, हातात एक कापडी पिशवी. उंच, वाकलेला, हात सारखे थरथरणारे. तो मेश्रामांशी पाच मिनिटं बोलला आणि मग दोघे त्या नगांच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. दोघेही रांगेच्या बाजूला. हॅरीने डोळे मिटून तीन नग उचलले. ते कापले, त्यांच्यातून बोटाएवढे तुकडे काढले, खाचा पाडल्या, आणि बाहेरच्या एका प्रयोगशाळेत लंबकाच्या जड हातोड्याने ते तोडले. किती जोर लागतो त्यावरून ठिसूळपणा कळतो. आम्ही चौघे काचेपलीकडे उभे होतो. एकेका तुकड्यावर हातोडा यायचा, आवाज व्हायचा, आणि आतला माणूस आकडा सांगायचा.

सगळे आकडे उत्तम होते. पोलादात काहीही खोट नव्हती.

एक जहाज चुकलं होतं, तीन नग वाया गेले होते, गिऱ्हाईक हजारो मैलांवरून आलं होतं, आणि माल पहिल्यापासून चांगला होता. मी मेश्रामांकडे बघण्याचं टाळत होते. चुकलेल्या माणसाचा चेहरा मला बघायचा नव्हता.

पण त्यांचा हात माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर आला. ते आधार घेत होते. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते.

"चांगले निघाले मॅडम," ते म्हणाले. "बाप्पा! सगळे चांगले निघाले."

इतका सुटलेला, इतका आनंदी चेहरा मी त्यांचा दुसऱ्यांदा पाहिला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी परत येऊन तेहेतीस प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. हॅरी शेजारी बसून एकेक कागद त्यांच्यासमोर सरकवत होता. जाताना तो लिमसाहेबांना म्हणाला, "हा माणूस सांभाळा." साहेब म्हणाले, "येस, येस."

दोन महिन्यांनी मेश्रामांच्या पासची मुदत संपत होती. कंपनीने नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. कारण मंदीचं दिलं आणि मंदी होतीही. एचआरच्या मुलीने मला त्यांची कागदपत्रं बंद करायला दिली, कारण आम्ही एकाच गावचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. ऑफिसात केक वगैरे काही झाला नाही. अकरा कामगारांपैकी सात-आठ जण वर येऊन हात मिळवून गेले. त्यातला एक बांगलादेशी म्हातारा त्यांच्यासमोर उभा राहून स्वतःच्या गालाला बोट लावून हसला. मेश्रामही हसले. मला म्हणाले, "येतो मॅडम. नागपूरकडे आलात तर भंडारा लांब नाही." मी म्हटलं, "हो, नक्की." आम्ही दोघांनीही ते खरं मानलं नाही.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी न राहवून विचारलं. "माल चांगलाच होता शेवटी."

"वाटतं ना. रंजनाला इथलं आवडायला लागलं होतं." मग म्हणाले, "दमलो हो मॅडम. नाही म्हणून म्हणून माणूस फार दमून जाते." बोलण्यात भंडारा पहिल्यांदाच इतका सरळ उतरला होता.

वर्षभराने हॅरीकडून कंपनीच्या पत्त्यावर एक फोटो आला. पूर्ण झालेली रायफल टेबलावर ठेवलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मध्ये आमचा सांगाडा. मी तो मेश्रामांना पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मिळाला. लाकूड छान आहे. मागची बाजू फोटोत दिसत नाही.' त्यानंतर आमचं काही बोलणं नाही. हॅरीने पुन्हा ऑर्डर दिली नाही. वुडलँड्सची ती कंपनीही आता नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर आठवड्याभराने. शनिवार होता, आमचा अर्धा दिवस. दुपारी दीडच्या उन्हात मी बसस्टॉपवर उभी होते आणि रस्त्यापलीकडच्या स्टॉपवर ते दोघं बसलेले दिसले. सामान बांधण्याचे, देऊन टाकण्याचे, दूतावास नि बँक नि फोन बंद करण्याचे दिवस होते ते. बाकावर दोघांच्या मध्ये एक भरलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यावरून कलून रंजनाताई मेश्रामांच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. पदर घसरलेला, तो मेश्रामांनी एका हाताने धरून ठेवला होता.

त्यांची बस आली. मला तो नंबर माहीत होता, त्यांच्या ब्लॉकसमोर थांबणारी ती एकच बस. ड्रायव्हरने दार उघडलं आणि वाट पाहिली. मेश्रामांनी खांदा न हलवता मोकळा हात वर केला आणि पंजा हळूच हलवला, जा म्हणून. बस गेली. बारा मिनिटांनी दुसरी आली. तिलाही त्यांनी तसाच हात केला.

पादचारी पूल चढून पलीकडे जायला मला तीन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. गेले असते तर ते बोलले असते, आणि त्या जाग्या झाल्या असत्या.

माझी बस आली तेव्हा त्यांची तिसरी बस स्टॉपवर थांबली होती. मी खिडकीशी बसले. आमच्या मधून ती बस सुटली आणि ते दोघं पुन्हा दिसले, तसेच. रंजनाताई झोपलेल्या, आणि मेश्राम ताठ बसून, मान न वळवता, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत.